पवनचक्की : स्लॅबवर की सड्यावर?

दापोली तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचा मुलगा कुवेतला असतो. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. घराच्या छतावर तीन पात्यांचे छोटे यंत्र भिरभिरते आहे आणि खाली घरात पंखे, फ्रीज, दिवे सगळे चालू आहे. त्याने लगेच फोन केला, "अम्मी, आपल्याकडे तर दर्यावरून चोवीस तास वारा येतो. पैसे पाठवतो, बसवून टाका." विक्रेत्याने यंत्र 'एक किलोवॅटचे' असल्याचे सांगितले, दर कळवला आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली. भगिनी विचारतात, बसवू का? पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे. गावची जमातही मशिदीच्या छतावर असेच यंत्र बसवायच्या विचारात आहे आणि त्यासाठी वर्गणी सुरू झाली आहे.

उत्तर आधी देतो, कारण पैसे अडकण्यापूर्वी ते पोचायला हवे. घराच्या स्लॅबवर बसवू नका. मशिदीच्या स्लॅबवरही नको. आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका.

वाऱ्याची वीज खोटी आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. ती पुरेपूर खरी आहे. फक्त तिची जागा कुठली आणि ती कुणाची असावी, या दोन गोष्टी नीट पाहाव्या लागतात. या महिन्याचे सदर त्यावरच.

स्वतःची वीज असावी असे कोकणातल्या माणसाला का वाटते हे आम्हाला कळते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विहिरीवर मोटर चालेना, फ्रीजमधली औषधे गेली, परदेशातल्या मुलाला 'आम्ही ठीक आहोत' एवढे सांगायला मोबाइल चार्ज होईना. ज्याने ते दिवस काढले त्याला छतावर फिरणारे पाते दिसले की मोह होणारच.

पण वाऱ्याचा हिशोब थोडा वेगळा आहे. आठवीच्या वर्गात आम्ही तो असा सांगतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पात्यांतून जाणारी हवा दुप्पट होते, आणि त्या हवेच्या प्रत्येक भागातला जोर चौपट होतो. दोन चोक आठ. म्हणजे वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. मुलांना हे ऐकून मजा वाटते, पण खरी शिकवण उलट्या बाजूने आहे. वेग निम्मा झाला की शक्ती आठवा हिस्सा उरते, आणि वेग एक तृतीयांश झाला तर सत्ताविसावा हिस्सा.

आता विक्रेत्याच्या 'एक किलोवॅट'कडे वळू. यंत्रावर लिहिलेला आकडा एका ठरावीक वेगाचा असतो. छोट्या यंत्रांसाठी हा वेग बहुधा सेकंदाला ११ किंवा १२ मीटर धरलेला असतो. १२ मीटर म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. असा वारा सुटला की आपण दोरीवरचे कपडे आत घेतो आणि खिडक्या लावतो. रोजचा वारा असा नसतो. घराच्या छतावर सरासरी ४ मीटर मिळाला तर नशीब म्हणायचे. १२ च्या ठिकाणी ४, म्हणजे वेग एक तृतीयांश. तेव्हा १००० वॅट भागिले २७, उरले ३७ वॅट. एलईडीचे चार दिवे लागतील. दिवसभर, रात्रभर असाच वारा वाहिला तर चोवीस तासांत जेमतेम पाऊण-एक युनिट. वारा कमी-जास्त होतो आणि जोराच्या झुळुका बरीच भर घालतात, म्हणून उदार होऊन हा आकडा दुप्पट धरू. तरी पावणेदोन युनिट. फ्रीज एकटाच दिवसाला सुमारे एक युनिट खातो. चार-पाच माणसांच्या साध्या घराला रोज चार-पाच युनिट लागतात. त्याच छतावर एक किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले तर वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिटच्या आसपास वीज मिळते. त्याला फिरणारा भाग नाही, आवाज नाही, आणि घरगुती सौर संचाला केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत अनुदानही आहे : पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८ हजार रुपये.

आम्ही ४ मीटर धरले तेही छताच्या बाबतीत जास्तच आहे. घर, नारळी, आंबा, शेजाऱ्याची पाण्याची टाकी या सगळ्यांवर आपटून वारा भोवऱ्यासारखा येतो. अशा वाऱ्यात पाते दिशा शोधत डोलत राहते, धड फिरत नाही. जाणकारांचा साधा नियम असा : पात्यांचे खालचे टोक आसपासच्या दीडशे मीटरमधल्या सर्वांत उंच वस्तूपेक्षा किमान नऊ मीटर वर हवे. माडांच्या वाडीत हा नियम पाळायचा तर मनोराच उभारावा लागेल, आणि मनोऱ्याचा खर्च यंत्राहून जास्त होईल. स्लॅबवर ठोकलेल्या खांबाची थरथर खालच्या खोलीत उतरते ती वेगळीच. खारी हवा बेअरिंग खाते. आणि वादळ आले की सगळ्यात आधी काय उडेल, हे सांगायला नको. निसर्ग वादळात ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचे वारे होते.

काही विक्रेते उभ्या आसावर गोल फिरणारी, अंड्याच्या आकाराची यंत्रे दाखवतात आणि ही खास छतांसाठी आहेत, कुठूनही वारा आला तरी चालतात, असे सांगतात. दिशेचे म्हणणे बरोबर आहे. पण वारा जेवढ्या जागेतून अडवला जाईल तेवढीच शक्ती मिळणार. त्यातही अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच गणिताने दाखवून दिले की कोणतेही यंत्र वाऱ्यातली ५९ टक्क्यांहून अधिक शक्ती घेऊच शकत नाही, कारण हवेला पुढे निघून जायलाही काही वेग लागतो. छोटी यंत्रे प्रत्यक्षात पाव ते तीस टक्क्यांवर थांबतात. दीड मीटर उंचीचे सुंदर यंत्र दिसते सुंदर. त्याच्याकडून तेवढेच घ्यावे.

उभ्या आसाची पवनचक्की नवी मुळीच नाही. इराणच्या पूर्वेला, अफगाण सीमेलगत खोरासानमध्ये नश्तीफान नावाचे गाव आहे. तिथे माती आणि लाकडाच्या जुन्या पवनचक्क्या एका उंच कड्यावर ओळीने उभ्या आहेत. फारसीत त्यांना 'आसबाद' म्हणतात. आस म्हणजे जाते, बाद म्हणजे वारा. शेजारच्या सीस्तानमध्ये उन्हाळ्यात सुमारे १२० दिवस एकाच दिशेने वारा वाहतो आणि तो त्या नावानेच ओळखला जातो. दहाव्या शतकातला प्रवासी इतिहासकार अल-मसऊदी याने लिहून ठेवले आहे की सीस्तानात वारा जाती फिरवतो आणि बागांना पाणीही चढवतो. या चक्कीची रचना मोठी हुशार आहे. उभ्या दांड्याला लाकडी फळ्या जोडलेल्या, आणि अर्ध्या भागापुढे मातीची भिंत. भिंत नसती तर वाऱ्याने दोन्ही बाजू सारख्याच ढकलल्या असत्या आणि चक्की जागची हलली नसती. आम्हाला मात्र यातली दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. या चक्क्या घरोघर नव्हत्या. वारा जिथे येतो तिथे, कड्यावर, त्या एका रांगेत बांधल्या. दळण घेऊन लोक तिथे जात.

आपल्याकडे औरंगाबादची पाणचक्की बहुतेक वाचकांनी पाहिली असेल. ती पाण्यावर चालायची, वाऱ्यावर नाही. पण दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी आणि तिथे राहून शिकणाऱ्यांसाठी एकच चक्की दळत असे. पाणी दूरच्या झऱ्यावरून मातीच्या नळांतून आणलेले. तेवढा खटाटोप एका घराने केला नसता.

मग घरगुती पवनचक्की कुणालाच नको का? तसे नाही. जिथे विजेची तार पोचलेलीच नाही, जागा मोकळी आहे आणि वारा खात्रीचा आहे, तिथे सौर पॅनेलच्या जोडीला छोटे यंत्र कामाचे ठरते. पावसाळ्यात ढग असतात तेव्हाच वारा जोरात असतो, म्हणून दोघे एकमेकांची उणीव भरतात. एखाद्या एकाकी वाडीला, बेटावरच्या चौकीला हे शोभते. घरगुती पवनचक्कीची सर्वांत सच्ची गोष्ट आफ्रिकेतल्या मलावी देशातली आहे. मुलांना ती जरूर सांगावी.

विल्यम कामक्वाम्बा हा तिथल्या मसिताला गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १९८७ चा. २००१-०२ मध्ये त्या देशात दुष्काळ पडला. घरात दिवसाला एक वेळचे जेवण. माध्यमिक शाळेची फी भरता आली नाही, म्हणून मुलगा घरी बसला. वय चौदा. तो गावाजवळच्या प्राथमिक शाळेच्या लहानशा ग्रंथालयात जाऊन बसू लागला. इंग्रजी धड येत नव्हते. ऊर्जेवरच्या एका शालेय पुस्तकात पवनचक्क्यांचे चित्र होते. त्याने चित्रावरून सुरुवात केली आणि मग चित्राखालचे शब्द शोधत गेला. मोडलेली सायकल, ट्रॅक्टरचा पंखा, गाडीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि सायकलचा डायनॅमो एवढे सामान जमवले. प्लॅस्टिकचा पाइप विस्तवावर तापवून, सपाट करून पाती बनवली. निलगिरीच्या खांबांचा पाच मीटरचा मनोरा उभा केला. गावाला वाटले पोरगा बिघडला. पहिल्या दिवशी त्यातून मिळालेली वीज होती १२ वॅट.

बारा वॅट म्हणजे आमच्या हिशोबातल्या ३७ हूनही कमी. पण त्या घरात आधी रॉकेलचा दिवा होता, आणि रॉकेल आणायला पैसे नव्हते. चार छोटे दिवे लागले, दोन रेडिओ चालले, आणि मोबाइल चार्ज करायला शेजारी रांगेत उभे राहिले. तारांमुळे आग लागू नये म्हणून त्याने खिळे आणि चुंबक वापरून स्वतःचा सर्किट ब्रेकर बनवला. त्याची कल्पना त्याने विजेच्या घंटेच्या रचनेवरून घेतली होती. आणि पुढे त्याने काय केले? मनोरा पाच मीटरचा बारा मीटर केला, कारण झाडे वारा अडवत होती. ज्याने पुस्तकातल्या चित्रावरून शिकायला घेतले त्याला उंचीचे महत्त्व कळले. छताला यंत्र चिकटवून देणाऱ्या विक्रेत्याला ते ठाऊक नसेल असे आम्हाला वाटत नाही.

उंची वाढवायची, पाते मोठे करायचे, तर खर्च एका घराच्या आवाक्याबाहेर जातो. पण फायदाही त्याच दिशेला आहे. पात्यांचा व्यास दुप्पट केला की अडवलेली जागा चौपट होते. वर जावे तसा वारा जोरदार आणि एकसारखा होत जातो. म्हणून वाऱ्याच्या विजेत दहा घरांनी दहा लहान यंत्रे घेणे हा तोट्याचा व्यवहार आणि दहांनी मिळून एक मोठे घेणे हा फायद्याचा. सौर पॅनेलमध्ये असा फरक फारसा पडत नाही. छोटे पॅनेल छोट्या प्रमाणात तेवढेच देते. वारा मात्र लोकांना एकत्र यायला भाग पाडतो.

तामिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यात मेट्टुपालयमजवळ ओडनथुराई नावाची ग्रामपंचायत आहे. आर. षण्मुगम हे १९९६ पासून दहा वर्षे तिथले अध्यक्ष होते. पाणीपुरवठा वाढला, वस्ती वाढली, तसे पंचायतीचे वीजबिल फुगत गेले. आधी त्यांनी सौर पथदिवे लावले, मग लाकडाच्या भुशापासून वायू करून पंप चालवून पाहिला. शेवटी २००६ मध्ये पंचायतीने स्वतःची ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली. खर्च सुमारे १ कोटी ५५ लाख. त्यातले ४० लाख पंचायतीने साठवलेले, बाकीचे बँकेचे कर्ज.

या चक्कीबद्दलची मुख्य गोष्ट अशी की ती ओडनथुराईत नाहीच. ती उडुमलपेटजवळ आहे, गावापासून कितीतरी दूर. सह्याद्रीच्या रांगेत पालघाटची जी खिंड आहे तिच्यातून पश्चिमेचा वारा नरसाळ्यातून आल्यासारखा जोराने बाहेर पडतो आणि त्या पट्ट्यावर उतरतो. गावात वारा नव्हता, तर गावकऱ्यांनी जिथे वारा आहे तिथे यंत्र उभे केले. तिथली वीज सरकारी वाहिनीत जाते आणि पंचायतीच्या पंपांच्या, दिव्यांच्या बिलातून तेवढी युनिटे वजा होतात. वर्षाला सुमारे पावणेसात लाख युनिट तयार होतात, पंचायतीला साडेचार लाखांच्या आसपास लागतात, उरलेली वीज मंडळाला विकली जाते. त्या उत्पन्नातून कर्ज फिटले.

गणिताची आवड असलेल्या मुलांनी इथे एक हिशोब करावा. ३५० किलोवॅटचे यंत्र वर्षाचे ८७६० तास पूर्ण जोराने चालले असते तर तीस लाखांहून जास्त युनिट झाले असते. झाले पावणेसात लाख. म्हणजे चांगल्या वाऱ्याच्या जागीही नावावरच्या क्षमतेचा पाचवा भाग, फार तर थोडा वर. विक्रेता जेव्हा किलोवॅटला चोवीस तासांनी आणि तीस दिवसांनी गुणून दाखवतो तेव्हा हा पाचवा भाग आठवावा. आणि हा पाचवा भाग मोठ्या यंत्राचा, मोकळ्या माळावरचा आहे.

ही कथा सांगताना कुणी म्हणतात की तिथे सगळ्या घरांना वीज फुकट आहे. तसा अर्थ घेऊ नये. घरोघर वेगळी तार गेलेली नाही. पंचायतीचे बिल वाचले, वर उत्पन्न सुरू झाले, आणि तो पैसा गावाच्या कामाला आला. आमच्या मते हे फुकट विजेपेक्षा चांगले आहे.

युरोपात ही कल्पना सर्वांत खोल रुजली ती डेन्मार्कमध्ये, आणि तिची सुरुवात एका शिक्षकाने केली. (आमच्या व्यवसायाची एवढी फुशारकी वाचकांनी चालवून घ्यावी.) पॉल ला कूर हे आस्कोव्ह गावच्या लोकशाळेत विज्ञान शिकवत. १८९१ मध्ये त्यांनी शाळेपाशी वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली. वीज साठवायची कशी, हा प्रश्न तेव्हाही होताच. त्यांनी विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन वायू साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे चालवले. वायूत ऑक्सिजन मिसळून स्फोट व्हायचे आणि खिडक्यांच्या काचा पुन्हा बसवाव्या लागायच्या. पण माणूस थांबला नाही. १९०४ पासून त्यांनी खेड्यातल्या तरुणांसाठी वीजतंत्राचे वर्ग सुरू केले. १९१८ पर्यंत डेन्मार्कमधल्या सुमारे १२० स्थानिक वीज केंद्रांकडे पवनचक्की होती. त्यांचाच विद्यार्थी योहानेस यूल याने १९५७ मध्ये गेडसर इथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची चक्की उभारली. आजच्या मोठ्या चक्क्यांचे रूप तिच्यावरूनच आले आहे.

१९७३ च्या तेलसंकटाने तो देश हादरला आणि ही जुनी विद्या पुन्हा बाहेर आली. पुढे शेजारी-शेजारी मिळून चक्कीचे हिस्से घेऊ लागले. २००० मध्ये राजधानी कोपनहेगनसमोरच्या समुद्रात मिडेलग्रुंडेन इथे २० चक्क्या उभ्या राहिल्या, प्रत्येकी २ मेगावॅटच्या. त्यातल्या निम्म्या शहराच्या वीज कंपनीच्या, निम्म्या सहकारी संस्थेच्या. संस्थेचे साडेआठ हजारांवर सभासद. एका हिश्श्याची किंमत ४२५० क्रोनर, आणि एक हिस्सा म्हणजे वर्षाला अंदाजे १००० युनिटची निर्मिती. वारा चांगला वाहिला तर हिस्सेदाराला जास्त, कमी वाहिला तर कमी. ठरावीक परतावा कुणी कबूल केलेला नाही. नफ्या-नुकसानातली भागीदारी आपल्या वाचकांना नवी नाही.

त्याच देशातले सामसो हे चार हजार वस्तीचे बेट. १९९७ मध्ये सरकारने एक स्पर्धा घेतली : कोणते बेट दहा वर्षांत स्वतःच्या नैसर्गिक ऊर्जेवर चालून दाखवेल? सामसो निवडले गेले. निवड झाली तेव्हा बेटावरच्या लोकांना त्याचे विशेष काही वाटले नव्हते. सोरेन हरमनसन हा तिथलाच, पर्यावरण शिकवणारा शिक्षक (पुन्हा शिक्षक!) गावातल्या लहानमोठ्या प्रत्येक बैठकीत जाऊन हा विषय काढत राहिला. २००० पर्यंत जमिनीवर १ मेगावॅटच्या ११ चक्क्या लागल्या. त्यांपैकी ९ शेतकऱ्यांच्या, २ सामायिक हिश्श्यांच्या. नंतर समुद्रात १० मोठ्या चक्क्या लागल्या. त्यातल्या ५ नगरपालिकेच्या, ३ खासगी मालकांच्या, २ हिस्सेदारांच्या. आता बेट वापरते त्यापेक्षा जास्त वीज मुख्य भूमीला पाठवते. मोटारी आणि फेरीबोटी पुढेही तेलावरच चालल्या. समुद्रातल्या चक्क्या उभारल्या त्या या तेलाची भरपाई म्हणून.

चक्कीचा आवाज येतो, सावली फिरते, दृश्य बिघडते, अशा तक्रारी डेन्मार्कमध्येही होतात. त्या तक्रारींवर तिथे २००९ पासून काही वर्षे एक कायदेशीर उपाय होता. नवी चक्की उभारणाऱ्याने किमान २० टक्के हिस्से आधी साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना देऊ करायचे. ज्याच्या खिडकीतून पाते दिसते त्याला आधी विचारायचे.

आता आपल्या सह्याद्रीकडे पाहा. साताऱ्याच्या वर चाळकेवाडी, पाटण तालुक्यात वनकुसवडे, तिकडे धुळ्याकडे ब्राह्मणवेल. पठारे पवनचक्क्यांनी भरलेली आहेत. महाराष्ट्रात पाच हजार मेगावॅटच्या आसपास पवनऊर्जा उभी आहे. सहलीला गेलेली मुले पात्यांखाली फोटो काढतात. आम्हीही नेली आहेत. पण यातल्या किती चक्क्या पठारावरच्या गावांच्या मालकीच्या? बहुतेक लावल्या त्या कंपन्यांनी आणि दूरच्या कारखानदारांनी. त्यात मोठा वाटा करसवलतीचा होता. यंत्राच्या किमतीचा घसारा, एके काळी पूर्ण आणि नंतर ८० टक्के, पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येई. ज्याला मोठा कर भरायचा आहे त्याच्यासाठी सोय, ज्याच्या जमिनीवर वारा आहे त्याच्यासाठी नाही. गावाला जमिनीची एकदाच मिळालेली किंमत, काही रखवालदारीच्या नोकऱ्या आणि खडीचा रस्ता. चक्क्या लागल्या ते चांगलेच झाले, कोळसा तेवढा वाचला. पण ओडनथुराईची एक चक्की आम्हाला पठारावरच्या शेकडो चक्क्यांपेक्षा मोठी वाटते ती यामुळे.

जमातींनी, शाळा चालवणाऱ्या अंजुमनांनी यातून काय घ्यावे? मशिदीपुरते बोलायचे तर उत्तर सोपे आहे. वुजूच्या पाण्याची मोटर दिवसा चालवता येते. जुहर, असरच्या वेळी आणि जुम्याला पंखे लागतात ते उन्हाच्याच वेळी. छतावर सौर पॅनेल घाला, फजर आणि इशासाठी नेट मीटर आहेच. जमा झालेली वर्गणी तिकडे वळवायची तर देणाऱ्यांना विचारून वळवा. पैसा कुणी कशासाठी दिला होता हे वहीत लिहिलेले असते.

मोठ्या संस्थांची गोष्ट वेगळी आहे. ज्यांचे कॉलेज, वसतिगृह, दवाखाना आहे त्यांनी वाऱ्याचा विचार जरूर करावा, पण छतावरच्या नव्हे, सड्यावरच्या आणि पठारावरच्या वाऱ्याचा. पूर्वी खुल्या बाजारातून हरित वीज घ्यायला १ मेगावॅटचा भार लागे. जून २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी ही अट १०० किलोवॅटवर आणली. वसतिगृह आणि प्रयोगशाळा असलेल्या कॉलेजाचा मंजूर भार तेवढा असू शकतो. बिलावर तो छापलेला असतो. शिवाय अनेक ग्राहकांनी मिळून स्वतःचा प्रकल्प धरण्याची सोय २००५ च्या वीज नियमांतच आहे. वापरणाऱ्यांनी मिळून प्रकल्पात किमान २६ टक्के भांडवल घालायचे आणि तयार झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के स्वतः वापरायची. मग ती 'स्वतःची' वीज मानली जाते आणि क्रॉस सबसिडीचा अधिभार लागत नाही. वाहून आणण्याचे शुल्क मात्र द्यावे लागते, आणि हिशोबाला सनदी लेखापाल व वीज अभियंता दोघेही बसवावे लागतात. कारखानदार हे वर्षानुवर्षे करत आले आहेत. शाळा-दवाखान्यांनी एकत्र येऊन करायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी बहुधा दोन संस्थांचे अध्यक्ष एका टेबलाशी बसत नाहीत ही असते.

बसलेच तर सोबत बारा महिन्यांची बिले न्यावीत आणि महिन्यावार युनिटे एका कागदावर मांडावीत. महाराष्ट्रातला वारा वर्षभर सारखा नसतो. चक्क्यांची निम्म्याहून जास्त वीज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तयार होते, हिवाळ्यात पाती बराच वेळ नुसती उभी असतात. दवाखान्याचा वापर बारमाही असतो, त्यामुळे त्याला वाऱ्याबरोबर सूर्यही लागेल. शाळा-कॉलेजचे तसे नाही. मे महिन्यात इमारत रिकामी, बिल सर्वांत कमी. जूनच्या मध्याला शाळा उघडते, आणि पठारावरची पाती त्याच सुमाराला जोर धरतात.